शिट्टीच्या वेळी दारात

मैसूरच्या उत्तर अंगाला कुंबारकोप्पलु नावाची वस्ती आहे. कन्नडात ‘कोप्पलु’ म्हणजे वाडी. ‘कुंबार’ कोण, हे मराठी माणसाला सांगायला नको. सकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला इथल्या गल्लीच्या तोंडाशी शिट्टी वाजते. पोलिसाची वाजते तशी, लांब आणि खणखणीत. हातगाडी ढकलत येणारी बाई दोन घरं सोडून पुन्हा एकदा फुंकते. तेवढ्यात दारं उघडू लागतात. कुणाच्या हातात दोन बादल्या, कुणाच्या हातात एक बादली आणि एक गोणपाट. ओलं एका पिंपात, सुकं दुसऱ्यात. दोन शब्द हवापाण्याचे, की गाडी पुढच्या दाराला.

महाराष्ट्रात या कामाला घंटागाडी आहे, आता तिच्यावर ध्वनिक्षेपकातून गाणीही वाजतात. मैसूरची शिट्टी त्यामानानं गरीब. पण तिच्यात एक गोम आहे. गाणं लांबून ऐकू येतं आणि ‘अजून वेळ आहे’ असं वाटायला लावतं. शिट्टी मात्र दाराशी वाजते. समोर माणूस उभा असतो, आणि तो बादलीत डोकावून बघणार असतो.

पर्यावरणाला सोयीच्या सवयींबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, त्यात निर्धाराला फार मान असतो. आजपासून प्लास्टिक बंद, उद्यापासून सायकल. असे निर्धार पाडव्याला होतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत विरतात. मैसूर हे शहर या बाबतीत पाहण्यासारखं आहे ते तिथली माणसं जास्त पुण्यवान आहेत म्हणून नव्हे. योग्य तीच गोष्ट करणं सर्वांत कमी कटकटीचं ठरावं, अशा काही व्यवस्था तिथे उभ्या राहिल्या. जिथे त्या उभ्या राहिल्या तिथे सवय लागली, जिथे ढासळल्या तिथे तीच माणसं बेफिकीर झाली.

कुंबारकोप्पलुतल्या गाड्या जिथे रिकाम्या होतात, त्या जागेला ‘शून्य कचरा केंद्र’ म्हणतात. जागा पालिकेची, चालवण्याची जबाबदारी नागरिकांच्या संघटनेची, अशी त्याची मांडणी. शेडखाली सुक्या कचऱ्याची निवड चालते आणि ती भंगारवाल्यालाही लाजवेल इतकी बारीक असते. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, त्यांची बुचं वेगळी, पुठ्ठा वेगळा, काच वेगळी, चपला वेगळ्या, नारळाच्या करवंट्या वेगळ्या. असे सुमारे दोन डझन ढीग होतात. प्रत्येक ढिगाला गिऱ्हाईक आहे. ओल्या कचऱ्याचं खत होतं आणि ते शेतकरी नेतात. या विक्रीतून केंद्राच्या खर्चाला मोठा हातभार लागतो. शहरात अशी नऊ केंद्रं आणि सुक्या कचऱ्याची ४७ संकलन केंद्रं उभी राहिल्याची नोंद गेल्या दशकात झाली. उकिरड्याचंही दैव बारा वर्षांनी उघडतं म्हणतात. इथे ते रोज सकाळी उघडतं.

या साऱ्याचा पाया मात्र केंद्रात नाही, स्वयंपाकघरात आहे. वर्तमानपत्राची रद्दी कोरडी असेपर्यंत तिला भाव असतो. तिच्यावर सांबार सांडलं की तिचा चिखल होतो. भाजीच्या देठांत एक फुटकी बाटली पडली की त्या खताला शेतकरी हात लावत नाही, कारण ते खत तो हातानं पसरणार असतो. घरात दोन सेकंदांत होणारं वर्गीकरण केंद्रावर करायला माणसाला घाणीत हात घालून दहा मिनिटं लागतात, आणि तरीही ते नीट होत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. मैसूर शहरात दिवसाला साधारण ४०० टन कचरा निघतो असं सांगितलं जातं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास होती. म्हणजे बाजार, हॉटेलं, मंगल कार्यालयं सगळं धरून माणशी जवळपास साडेचारशे ग्रॅम. चौघांच्या कुटुंबाच्या वाट्याला वर्षाकाठी सहा क्विंटलांहून अधिक. घरातल्या धान्याच्या कोठीत वर्षभरात जेवढं येतं, त्याच्याशी स्पर्धा करील एवढं घराबाहेर जातं. भारतीय शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. तो वेगळा झाला, की उरलेल्या निम्म्याची दुर्गंधी आपोआप जाते.

ओल्या कचऱ्याचं खत कसं होतं, हे एकदा समजलं की घरच्या बादलीचीही भीती राहत नाही. रास घातली की जिवाणू कामाला लागतात आणि दोन-तीन दिवसांत ती आतून तापते. चांगल्या राशीत पारा ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. पहाटेच्या गारव्यात तिच्यातून वाफा निघताना दिसतात. या उष्णतेत रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. जिवाणूंना दोन प्रकारचं खाणं लागतं: वाळक्या पाल्यातून मिळणारा कर्ब आणि हिरव्या भाजीतून मिळणारं नत्र. कर्ब सुमारे तीस भाग, नत्र एक भाग, हे त्यांचं आवडतं प्रमाण. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. आणि श्वास घ्यायला हवा, म्हणून रास अधूनमधून उलथावी लागते.

हवा मिळाली नाही तर दुसऱ्या जातीचे जिवाणू ताबा घेतात. मग वास सुटतो आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनचा एक किलो हवेला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ किलोंइतका तापवतो. शहराबाहेरचे कचऱ्याचे डोंगर उन्हाळ्यात आपोआप पेटतात, त्यामागे हाच वायू असतो. म्हणजे केळ्याची साल निरुपद्रवी की उपद्रवी, हे ती पिशवीत गाठ मारून फेकली की पाल्यावर मोकळी टाकली, यावर ठरतं. घरी करायचं तर तळाला भोकं पाडलेली बादली, वाळका पाला किंवा नारळाचा भुसा, सुरुवातीला विरजणासारखं थोडं आंबट ताक, आणि प्रत्येक ओल्या थरावर एक कोरडा थर. वास आला तर पाला वाढवायचा, रास कोरडी पडली तर पाणी शिंपडायचं. दीड-दोन महिन्यांत बादलीतलं वजन पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि हाताला पावसाळी मातीचा वास लागतो.

मैसूरच्या स्वच्छतेला जुना इतिहासही आहे, आणि तो सुरू होतो भीतीपासून. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, दोन वर्षांत तो मैसूर संस्थानात पोहोचला. मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्यातून दादर-माटुंग्याची आखणी झाली. मैसूरनं १९०३ मध्ये स्वतःचं नगर सुधारणा मंडळ नेमलं. जुनी दाट वस्ती मोकळी झाली, रुंद रस्त्यांचे नवे मोहल्ले वसले, घरांच्या पाठीमागून सफाईच्या अरुंद गल्ल्या गेल्या. या गल्ल्या आजही शहरात सापडतात. त्या का आखल्या गेल्या हेही विसरता येत नाही: मैला डोक्यावरून वाहणाऱ्या माणसानं पुढच्या रस्त्यानं जाऊ नये, म्हणून. शहर देखणं झालं ते कुणालातरी मागच्या बाजूला ठेवून.

आकडेवारीच्या जमान्यात शहराला प्रशस्तिपत्रं मिळू लागली. २०१० मध्ये केंद्र सरकारनं ४२३ शहरांची स्वच्छता तपासली. चंडीगड पहिलं आलं, मैसूर दुसरं. ऑगस्ट २०१५ मध्ये स्वच्छ भारत मोहिमेखाली ४७६ शहरांची यादी लागली तेव्हा मैसूर पहिलं, तिरुचिरापल्ली दुसरं आणि नवी मुंबई तिसरी. २०१६ मध्ये ७३ शहरांच्या स्पर्धेत मैसूरनं पहिला क्रमांक राखला. २०१७ मध्ये इंदूरनं बाजी मारली आणि मैसूर पाचव्या स्थानावर गेलं. २०२० मध्ये ज्या सहा शहरांना कचरामुक्तीचे पाच तारे मिळाले, त्यांत नवी मुंबईबरोबर मैसूरही होतं.

पण पदकांच्या भिंतीमागे एक खोली आहे, तिचं नाव विद्यारण्यपुरम. शहराच्या दक्षिण भागातल्या या ठिकाणाला लोक अजून ‘सीवेज फार्म’ म्हणतात. इथे खतप्रकल्प आहे, आणि त्याच्या शेजारी वर्षानुवर्षं साचलेल्या मिश्र कचऱ्याचे ढीग. वाऱ्याची दिशा बदलली की आसपासच्या घरांत खिडक्या लावून घ्याव्या लागतात, ही तिथल्या रहिवाशांची जुनी तक्रार. साचलेला कचरा उकरून, चाळून त्यातलं माती-प्लास्टिक वेगळं करण्याचं खर्चिक काम मग हाती घ्यावं लागलं. एकाच शहरात, एकाच भाषेत बोलणारी, एकाच दुकानातून साखर आणणारी माणसं; कुंबारकोप्पलुत त्यांचा कचरा विकला जातो, विद्यारण्यपुरममध्ये त्याचा डोंगर होतो. फरक बादली कुठे वेगळी झाली एवढाच.

आणि शिट्टी फुंकणारीचं काय? कर्नाटकात सफाई कामगारांना ‘पौरकार्मिक’ म्हणतात. वर्षानुवर्षं त्यांतले बरेच जण कंत्राटावर राबले. जुलै २०२२ मध्ये कायम नोकरीच्या मागणीसाठी त्यांनी राज्यभर काम थांबवलं, तेव्हा चार दिवसांत शहरांचा चेहरा बदलला. सरकारला टप्प्याटप्प्यानं कायम करण्याचं आश्वासन द्यावं लागलं. हा विषय घरगुती सवयींच्या प्रकरणात का, असं कुणी विचारील. सॅनिटरी पॅड, डायपर, तुटलेला बल्ब किंवा दाढीचं पातं मोकळंच बादलीत टाकलं, तर ते पहिल्यांदा लागतं याच हातांना, म्हणून.

यावर पुण्यात साधा उपाय निघाला. १९९३ मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आली, आणि २००८ पासून ती महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. या बायांनी घरोघर सांगितलं: वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला जाते. खर्च शून्य, वेळ पाच सेकंद. देशाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते. ते नियम ज्या २००० सालच्या नियमांच्या जागी आले, त्या नियमांना चालना मिळाली होती बंगळूरच्या अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या याचिकेमुळे.

कोकणात वेंगुर्ल्यानं आणखी पुढची मजल मारली. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात या छोट्या नगरपरिषदेनं कचऱ्याचे २७ प्रकार वेगळे करायला सुरुवात केली आणि जिथे नाक धरून जावं लागे त्या डेपोची बाग झाली. आता लोक तिथे पाहायला जातात. वेंगुर्ल्याची लोकसंख्या मैसूरच्या एखाद्या वॉर्डाएवढी. पण म्हणूनच ते उदाहरण कामाचं. कुंबारकोप्पलुतही काम चाललं ते वॉर्डाच्या आकारात. शहर मोठं असलं तरी सवय मोहल्ल्याएवढीच मोठी असते.

मैसूरच्या मध्यावर देवराज मार्केट आहे. एकोणिसाव्या शतकातला हा बाजार हळदीकुंकवाच्या रंगीत राशींसाठी पर्यटकांना ठाऊक, पण त्याचं खरं वैभव फुलं. मैसूर मोगऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. गजरा इथे वजनावर विकत नाहीत. कोपरापासून बोटांपर्यंतचा एक ‘मोळ’, किंवा दोन्ही हात पसरून एक ‘मारु’. मोजमाप विक्रेतीच्या अंगावरच असतं. फुलं केळीच्या पानात बांधून, त्याच केळीच्या सोपाच्या दोऱ्यानं आवळून मिळतात. पुडी घरी आली, फुलं देवाला, पान गाईला. वेष्टण टाकायचं कुठे, हा प्रश्नच तिथे उभा राहत नाही.

याच बाजारात दोन गाळे सोडून पातळ प्लास्टिकची पिशवीही मिळते. कर्नाटकानं मार्च २०१६ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, ताटं, पेले, चमचे, फलक यांवर बंदी घातली. महाराष्ट्राची बंदी मार्च २०१८ ची, केंद्राची एकदा वापरायच्या वस्तूंवरची १ जुलै २०२२ पासूनची. तिन्ही कायदे जागेवर आहेत, आणि पिशवीही आहे. कारण संध्याकाळी ऑफिसमधून परतताना भाजी घ्यायचं अचानक ठरतं आणि कापडी पिशवी घरात दाराच्या खिळ्याला टांगलेली असते. मैसूरच्या जुन्या पिढीची माणसं बाहेर पडताना ‘कैचीला’, म्हणजे हातातली कापडी पिशवी, घडी करून बरोबर घेत. किल्ली, पाकीट, पिशवी असा तो क्रमच होता. आज ती दुचाकीच्या डिकीत कायमची पडून राहिली, तर कायद्यापेक्षा जास्त काम करील.

पैशाची छोटीशी गाठ मारली तर सवय किती लवकर लागते, याचा नमुना मैसूरच्या प्राणिसंग्रहालयाच्या दारात दिसतो. १८९२ मध्ये महाराजा चामराजेंद्र वडेयरांनी सुरू केलेलं हे प्राणिसंग्रहालय देशातल्या जुन्यांपैकी एक. आत प्लास्टिकला मज्जाव आहे, पण उन्हात लेकराबाळांना घेऊन आलेल्या माणसाला पाण्याची बाटली तर हवीच. मग दारात बाटलीवर एक चिकटपट्टी लावायची आणि १० रुपये अनामत घ्यायची. परत जाताना बाटली दाखवली की पैसे परत. रिकामी बाटली हरणांच्या कुंपणाजवळ फेकायला आलेला हात थबकतो. मुंबईत आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या ज्यांनी रिकाम्या करून, विसळून केंद्रावर नेल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

घराच्या गच्चीवरही अशीच एक गाठ आहे. पूर्वी मैसूरच्या न्हाणीघरात तांब्याचा हंडा चुलीवर बसवलेला असे आणि खाली नारळाच्या झावळ्या, सोडणं, करवंट्या जळत; आपल्याकडच्या बंबाचा हा मोठा भाऊ. त्याची जागा विजेच्या गिझरनं घेतली. नंतर कर्नाटकात ठरावीक आकाराच्या नव्या घरांना सौर बंब सक्तीचा झाला आणि तो बसवणाऱ्याच्या वीजबिलात थोडी सूट मिळू लागली. १०० लिटरचा सौर बंब वर्षाला १५०० युनिटांपर्यंत वीज वाचवू शकतो, असा सरकारी अंदाज आहे. चामुंडी टेकडीवरून शहराकडे पाहिलं तर ललित महालाच्या घुमटाइतक्याच ठळकपणे गच्च्यांवरच्या या टाक्या चमकतात. ज्यांच्या घरात त्या आहेत त्यांना रोज सकाळी काही ठरवावं लागत नाही. नळ सोडला की गरम पाणी येतं.

सायकलचं मात्र इतकं सोपं झालं नाही. जून २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक सायकल सेवा सुरू झाली तेव्हा देशभर तिचं कौतुक झालं: ४८ थांबे, ४५० सायकली, कार्ड दाखवून घ्यायची, दुसऱ्या थांब्यावर सोडायची. टेकडी सोडली तर मैसूर फारसं चढउताराचं नाही, हवा सौम्य, अंतरं छोटी. विद्यार्थी आणि पर्यटक खूश. पण घरून थांब्यापर्यंत पाच मिनिटं चालायचं, तिथे सायकल असेल की नाही ठाऊक नाही, आणि दारात स्कूटर उभी. या तिघांच्या शर्यतीत कोण जिंकतं, हे सांगायला सर्वेक्षण नको.

दरवर्षी एकदा या शहराची खरी परीक्षा असते. खंडेनवमी, तिथली आयुधपूजा. त्या दिवशी स्कूटरपासून बसपर्यंत प्रत्येक वाहन धुतलं जातं, दोन्ही बाजूंना केळीची रोपं बांधली जातात, झेंडूच्या माळा पडतात आणि दृष्ट काढून कोहळा रस्त्यावर फोडला जातो. कुंकू भरलेल्या कोहळ्याचे तुकडे चौकाचौकांत पसरतात. त्यांवरून दुचाक्या घसरतात, म्हणून पोलिसांना दरवर्षी ‘रस्त्याच्या मध्ये फोडू नका’ असं सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी जंबू सवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, आणि लाखोंची गर्दी. तिसऱ्या दिवशी सकाळी उरतं ते ढिगानं: केळीचे खुंट, सुकलेला झेंडू, कोहळ्याच्या फोडी, आणि त्यांत मिसळलेल्या पाण्याच्या बाटल्या, नाश्त्याच्या थर्मोकोलच्या ताटल्या.

यातला पहिला भाग म्हणजे उत्तम खताचा कच्चा माल. केळीच्या खुंटात पाणी भरपूर. तो चिरून वाळक्या पाल्याबरोबर रचला की रास लवकर तापते. एखाद्या घरानं माळेतला प्लास्टिकचा दोरा सोडवून फुलं वेगळी दिली, दुकानदारानं खुंट रस्त्यावर न टाकता कडेला उभे करून ठेवले, तर गाडीवाल्या बाईची तासाभराची मेहनत वाचते. नाहीतर तीच फुलं प्लास्टिकसकट विद्यारण्यपुरमची वाट धरतात.

विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशीही शिट्टी नेहमीच्या वेळेलाच वाजते. गल्लीत रात्रीच्या दिव्यांच्या माळा अजून लटकत असतात, माणसं जागरणानं पेंगुळलेली असतात. दारातली केळ सोडवून, तिचा सुतळीचा फास काढून, कुणीतरी ती आडवी हातगाडीवर ठेवतं. पानं गाडीच्या दोन्ही बाजूंनी लोंबतात. गाडी केंद्राकडे वळते तेव्हा मागून पाहणाऱ्याला वाटावं, सवारी अजून संपलेली नाही.